ग्लॉसी की मॅट

अकरा वर्षं हा प्रश्न मी लोकांना विचारला,
ग्रँट रोडच्या स्टुडिओत, काउंटरच्या आतल्या बाजूनं.
पासपोर्टचे आठ, बारशाचे छत्तीस, लग्नाचा अल्बम.
लोक एकमेकांकडे बघायचे.
नवरी म्हणायची ग्लॉसी,
सासरा म्हणायचा, स्वस्त कुठलं.
एकदाच एक बाई,
मुलाचा एकुलता एक फोटो मोठा करायला आलेल्या,
न विचारताच म्हणाल्या, मॅट द्या,
त्यावर बोटांचे ठसे उठत नाहीत ना.

आज लॅमिंग्टन रोडवर, पोटमाळ्यावरच्या दुकानात,
हिरजीभाईंचा भाचा तोच प्रश्न मला विचारतो
आणि मीसुद्धा आधी किंमत विचारतो.

दोन मॉनिटर शेजारी शेजारी.
दोन्हींवर एकच पोपट,
कुठल्याही झाडावर कधी न बसलेला.
ग्लॉसीवरचा ओला, आत्ताच नळाखालून काढल्यासारखा.
मॅटवरचा तोच, पण पावडर लावून बसलेला.
"अंकल, कलर पायजे तर हा. डोळे पायजे तर हा."
मला दोन्ही हवे होते.
म्हटलं, बंद कर दोन्ही.

बंद केल्यावर
एकात ट्यूबलाईट, पंखा, खोक्यांची थप्पी,
आणि एक टक्कल पडलेला गृहस्थ,
शर्टाचं दुसरं बटण तुटलेला.
हात आपोआप बटणाकडे गेला. त्याचाही.
दुसऱ्यात
काही नाही. पुसलेली पाटी.

माझा धंदा तसा गेलेल्या माणसांचा.
भिंतीवर लावायचे फोटो.
ओल धरलेले, कसरीनं कान खाल्लेले,
ग्रुपमधून एकट्यालाच बाहेर काढायचं,
एकाचा कोट दुसऱ्याला चढवायचा.
खेतवाडीतली माझी खिडकी पूर्वेची.
साडेदहाला ऊन संपलं की दिवसभर सावली,
तीस वर्षं हाच हिशेब.
मग समोरची बैठी चाळ गेली,
काचेचा बत्तीस मजली उभा राहिला,
आणि संध्याकाळी पाचला
मावळतीचं ऊन त्या काचेवर आपटून
उलटं माझ्या खोलीत येऊ लागलं.
सेकंडहँड ऊन, पण धग तीच.
कुणाच्या तरी आजोबांच्या कपाळावर सूर्य,
मी मान वाकडी करून त्यांच्या भुवया शोधतोय.
पडदा ओढला तर कुंदा म्हणते, जीव गुदमरतो.

म्हणून मॅट. पोटमाळ्याचा जिना चढायच्या आधीच ठरलं होतं.
नुसतं एकदा बघायचं होतं.

एक गोष्ट मात्र मी त्या मुलाला सांगितली नाही.
जुन्या ग्लॉसीत, फोटोतल्या काळ्या कोटात,
काळ्याभोर केसांत,
मला मागचं दार दिसायचं.
कुंदा अनवाणी येते, चाहूल नसते.
पदराला हात पुसत उभी राहते, बघते.
मला कळलंच नाही असं दाखवून
मी कुणा परक्याच्या छातीवरच्या खिशापाशी
तिचं नाक, तिचा चष्मा, तिची जांभई बघत बसायचो.
किती वर्षं, तिला ठाऊक नाही.
असेलही.

आता कोट म्हणजे नुसता कोट.

पाच वाजून दहा मिनिटं.
ऊन स्क्रीनवर येतं, पिठासारखं पसरतं.
काळा रंग जरा राखी होतो,
त्याबद्दल भाच्यानं आधीच सांगितलं होतं, प्रामाणिक पोरगा.
पण चेहरा दिसतो. भुवया दिसतात.
मी राजवाडकर गुरुजींच्या गालावरचा बुरशीचा डाग काढतोय.
बाजूबाजूची कातडी उचलून थोडी थोडी लावतोय.
किती वेळ, कळत नाही.

"एवढं गोरं नका करू हो त्यांना,"
अगदी खांद्यामागून.
"घरचे ओळखायचे नाहीत."

माऊस दचकतो.
गुरुजींच्या कपाळावर पांढरी रेघ.
मी ती मागे घेतो.
"कधीची उभी आहेस?"

ती काही बोलत नाही,
बोटानं टेबलाची कड दाखवते.
कपात चहा आहे,
वर साय धरलेली.