तिसऱ्या वाटीनंतर

लक्ष्मीपुरीत आमच्या खानावळीच्या दारावर
लाल रंगात लिहिलंय:
तांबडा-पांढरा अनलिमिटेड.
शेजारी चांदणी नाही, खाली बारीक अक्षर नाही.
बारीक अक्षर म्हणजे मीच,
बादली घेऊन फिरणारा.

तातोबा मालकांनी पहिल्याच दिवशी कानात सांगितलेलं,
"बळवंता, पहिल्या दोन वाट्या पळत जाऊन वाढायच्या.
तिसरीला चालत.
चौथीला तुला ऐकूच येत नाही."

रात्री साडेदहाला भांडी पालथी पडली
की मागच्या जिन्यात बसून मी गारगोटीला फोन लावतो.
मालन तिकडं, आईच्या उशाशी,
दोन महिने झाले.
चेहरा येतो. म्हणते, "जेवलासा?"
आणि तिथंच थांबते.
ओठ उघडे, एक डोळा मिटायच्या बेतात,
मागची भिंत चौकोन चौकोन झालेली.
मधोमध एक गोल फिरत राहतो
आणि आवाज मागाहून येतो, आडातून आल्यासारखा,
अर्धा.

भांडायला म्हणून इरफान शिकलगाराच्या दुकानात गेलो.
पैसे भरताना अनलिमिटेड म्हणालास की रे.
"मग? बंद कुठं पडलंय? चालूच हाय.
फक्त हळू."
नखानं त्यानं स्क्रीनवरची एक ओळ दाखवली,
मुंगीच्या पायाएवढी:
दिवसाला दीड जीबी, पुढं वेग कमी.
सकाळी पोरगी याच फोनवर
वेल्डिंगचे धडे बघते, तिथंच दीड संपतं.
तिला काय म्हणू, कमी शीक?
जीभ उचलली होती भांडायला,
पण 'फक्त हळू' ऐकलं
आणि माझे मलाच पाय आठवले.

मालकांचंही सगळं खोटं नाही.
शिरोलीच्या फाउंड्रीतला एकजण, भट्टीवरचा,
एकदा अकरा वाट्या प्याला,
आणि उशिरा येणाऱ्या चिकोडे मास्तरांना
बादलीचा तळ मिळाला, दोन मिरं आणि गार पाणी.
टॉवरही एकच असेल, माणसं मायंदाळ.
कळतं मला.

मग लिहा की पाटीवर: तीन वाट्या.
माणूस तीन मोजून जेवेल,
शेवटची भातासाठी राखेल.
मीही दीडातलं पाव
गारगोटीसाठी बांधून ठेवलं असतं.

बाराला तारीख बदलते, वेग परत येतो.
तेव्हा तिकडं सगळी झोपलेली.
मी नुसताच बघत बसतो
कुणाच्या तरी लग्नातला नाच,
एकदाही न अडकता.

काल तो भट्टीवाला परत आला.
चौथी वाटी पुढं केली,
"वाढा की ओ."
मालक गल्ल्यावर नोटा लावत होते.
मला ऐकू आलं.
बादलीत दोन ओगराळी उरली होती
आणि मास्तर अजून यायचे होते.