नऊ ते दहा

धरणगावच्या पुढे, जिनिंगमागची तालीम.
सत्र चौथं. हजर मुलगे तेवीस,
त्यातले सात क्रिकेट अर्धं टाकून आलेले.
मी पुठ्ठ्याची घड्याळं वाटली:
आईचा दिवस भरा, तासातासाने.

पाचला पाणी. सहाला कळण्याची भाकरी.
आठला कापूस वेचायला, एका रिक्षात अठराजणी.
कुणीतरी दुपारी दोनला 'आराम' लिहिलं,
सगळे हसले,
त्यानंच खोडलं.

हितेशनं नऊ ते दहा कोरं ठेवलं.
विचारलं तर म्हणाला,
तेव्हा आम्ही टीव्हीचा आवाज वाढवतो.

मारुतीच्या शेंदरावरून एक मुंगळा चालला होता,
तेवीसजण त्याच्याकडे बघत राहिले.
अशा वेळी काय बोलायचं
ते मला प्रशिक्षणात शिकवलं होतं.
हातातला खडू मोडला, तेवढंच.

पाचव्या सत्राला तो आला नाही.
सहाव्याला आला, सगळ्यांत शेवटी, चपला हातात घेऊन.
"मॅडम, काल मी टीव्ही बंद कया.
आख्ख्या गल्लीले ऐकू उनं.
बापले बी."

मग?

"मंग काही नही.
बाप वट्टावर जाई बसना.
माय भांडा घासत ऱ्हायनी."

महिनाअखेर. परदेशी पैशाचा फॉर्म उघडून बसलेय.
वर्तनात बदल दिसला का:
हो, नाही, लागू नाही.
चोपड्याची शेवटची एसटी गेली.
नऊ वाजून दहा मिनिटं झालीत.
गल्लीकडची खिडकी
मी उघडी ठेवलीय.