कुंपणाला वळसा

थखीराच्या तिवरांतून निघालो तेव्हा ओहोटी होती.
चिखलाला वास आमच्या देवबागच्या खाडीचाच,
मीठ तेवढं एक मूठ जास्त.
टेकबहादूर विचारतो, ही झाडं कुजत कशी नाहीत?
त्याच्या गावात पाणी वरून खाली जातं
आणि गेलं की गेलं.
दिवसातून दोनदा माघारी येणारं पाणी
त्याला अजून पटलेलं नाही.

मी सर्व्हेअर.
हा किनारा कितीदा काढलाय पडद्यावर,
निळी रेघ, जाडी शून्य पूर्णांक दोन.
पायाखाली ती रेघ राहत नाही.
आत शिरते, फुगते, कुर्ल्यांच्या बिळांतून गळते.
खाडीला इथे खोर म्हणतात.
आमच्याकडे खोरं नदीचं असतं;
इथे नदी नाही,
तरी शब्द ऐकला की पाय ओलसर जागा शोधतात.

दोन राखीव किनाऱ्यांमधे
कुणी आखलेली वाट नाही.
उंटांची आहे, कोळ्यांची आहे, टायरची आहे.
आम्ही तिन्ही वापरल्या.
खजूर, लबान, टेकबहादूरचा भाजलेला मका,
आणि माझ्या डब्यातली सुक्या जवळ्याची चटणी,
जिच्या वासाने एक मांजर
मैलभर आमच्याबरोबर आलं.

दुसऱ्या दिवशी गॅसनगरीचं कुंपण.
समुद्र सरळ आत गेला,
आम्ही बाहेर राहिलो.
अकरा वर्षं मी या तारांच्या आत
पाइपांच्या पातळ्या मोजतोय;
बाहेरून कुंपण किती लांब आहे
हे कुणी विचारलं नव्हतं.
फाटकावर वास्वा, कंपालाचा.
म्हणाला, आज सुट्टी ना? मग चालत कुठे?
उत्तरेला.
बस आहे की.
हो, आहे.
त्याने आम्हाला पाणी दिलं
आणि रजिस्टरमध्ये काय लिहावं
हे त्याला सुचलं नाही.

मग नुसतं कुंपण.
डावीकडे ट्रक, उजवीकडे तार,
तारेत अडकलेल्या पिशव्या वाऱ्यावर फडफडतात,
सगळ्या एकाच दिशेने, शमालच्या.
तिथेच माझ्या उजव्या बुटाचा तळ
जिभेसारखा बाहेर आला.
टेकबहादूरने खिशातून केबल टाय काढले, तीन,
करकचून ओढले, उरलेली शेपटं दातांनी तोडली.
साइटवरचा माणूस रित्या खिशाने
हज किंवा काशीलाही जाणार नाही.

रात्री आगीची मशाल आभाळात.
आमच्या सावल्या झोपल्याच नाहीत,
वाळूवर लवलवत राहिल्या.

फुवेरितला कुंपण संपलं
आणि समुद्र असा बसला होता
जसा कधी कुठे गेलाच नव्हता.
फलकावर लिहिलंय,
उन्हाळ्यात इथे कासवं येतील, माणसांनी येऊ नये.
कासवीण अंडी पुरते, माघारी जाते,
पिलं आपली आपण पाणी शोधतात.
टेकबहादूरने फलक पुन्हा वाचला.
मग फोन काढला, रेंज नव्हती,
परत ठेवला.

तिसऱ्या दिवशी जुमैल.
छपरं गेलेली घरं, प्रवाळी दगडांच्या भिंती,
गिलाव्यात शिंपले,
मशिदीचा मनोरा एकटाच उभा.
माणसं पाण्यामागून इथे आली
आणि पाण्यामागूनच गेली असावीत.
एका उंबऱ्यावर बसून आम्ही बूट काढले.
मी काहीही मोजलं नाही.
समोर ओहोटीने उघडी पडलेली सपाटी,
तिच्यावर दूरवर गुलाबी ठिपके, रोहित असतील.
टेकबहादूर बराच वेळ उभा राहिला
आणि सपाटीच्या टोकाला
एक बारीक चमक सरकताना पाहत राहिला.

परतीला बस. सव्वा तास.

रविवारी फाटकावर
वास्वाने पास पाहिलाच नाही,
बूट पाहिले.
केबल टाय तसेच, काळे, तीन.
काय होतं तिकडे टोकाला?
मी शब्द जुळवत होतो.
पाणी, टेकबहादूर म्हणाला.
परत येत होतं.