गोल आकडा नको

तय्यबा, तू विचारलंस ते मी हसण्यावारी नेलं,
कारण युनूसभाई तराजूत शेंगदाणे ओतत होते
आणि माझा तक्ता अर्धा भरायचा होता.
आता एसटीत, बोरीच्या पुढं,
तोच तक्ता गुडघ्यावर उलटा ठेवून उत्तर लिहितेय.
अक्षर हलतंय. जिंतूर-परभणी रस्ता तुला माहीतच आहे.

तर आधी जाहिरात. शेवटपर्यंत वाच,
कुणी व्हॉट्सअपवर ढकललेली नाही, मुळातली,
बारीक टाइपातल्या टिपांसकट.
गणित, संख्याशास्त्र, अर्थशास्त्र,
कुठली पदवी चालते ते दर वेळी बघावं लागतं,
मागच्या वर्षीचं यंदा धरून चालायचं नाही.

नाव दहावीच्या सनदेवर आहे तसंच.
तिथं एकच य छापलाय म्हणालीस,
मग अर्जातही एकच. दुसरा य घरी ठेव.
फोटोचं वजन केबीत मोजतात,
तिथं अब्बांची मापं लागू नाहीत.
दाखल्यांसाठी तहसीलला आजच जा,
शेवटच्या आठवड्यात तिथं लग्नघराएवढी गर्दी असते,
फक्त जेवण नसतं.
कधी पैसे कटतात आणि पावती येत नाही. रडू नको.
रात्री दोनला साइट शुद्धीवर असते.
आणि फॉर्म स्वतः भर.
पूर्णेच्या कॅफेतल्या पोरानं मला ‘पुरुष’ केलं होतं;
परत बाई व्हायला चार महिने आणि एक प्रतिज्ञापत्र लागलं.

आता काम, जे जाहिरातीत नसतं.
लोक आपल्याला वीजबिलवाली समजतात, रेशनवाली समजतात,
चारठाण्याला एका म्हातारीनं
लसवाली समजून दंड पुढं केला होता.
घर आपण निवडत नाही, अंकांचा तक्ता निवडतो.
सतरावं म्हटलं की सतरावंच,
सोळाव्यात चहा टाकलेला असला
आणि सतराव्यात कुत्रं मोकळं असलं तरी.
पीक कापणीला अंक पडेल त्या कोपऱ्यात दोरी ताणायची.
मालक म्हणतो, बाई, तिकडं बघा की, कणसं कशी भरलीत.
बघायचं. छान म्हणायचं.
दोरी हलवायची नाही.

एवढंच येत असतं तर मी तुला शिकवू शकले असते.

पण नऊ वर्षं, महिन्याच्या दुसऱ्या मंगळवारी
मी तुमच्या दुकानात उभी राहते,
काही न घेता भाव विचारणारी एकमेव गिऱ्हाईक,
आणि युनूसभाई म्हणतात, लिहा, डाळ एकशे साठ.
मागच्या पावसाळ्यात
तू आतून जिरं मोजता मोजता म्हणालीस,
“एकशे सत्तावन्न. अब्बा तुम्हाला गोल सांगतात.”
आणि खिळ्यावरचं कॅलेंडर काढून माझ्यापुढं उलटं धरलंस.
पाठीमागं पेन्सिलीनं रोजचा भाव.
ईदच्या दोन दिवसांपुढं नुसती रेघ.
दुकान बंद होतं, म्हणून रेघ.
अंदाज नाही.

मला त्या रेघेनं झोपू दिलं नाही, पोरी.
तीन रुपये. गुणिले किती मंगळवार, ते मी त्या रात्री केलं.
आपला आकडा हजारो आकड्यांत विरघळून दशांश होतो,
त्या दशांशावर कुणाचा तरी महागाई भत्ता ठरतो,
आणि त्यात अब्बांचा भिडस्तपणा मिसळलेला,
बाई एवढ्या लांबून आल्यात, कशाला तिला सुटे आकडे सांगायचे.

परीक्षेला नांदेड मागितलंस तर अमरावती मिळेल.
यादीत नाव येईल, पुढं ‘प्रतीक्षा’ लिहिलेलं असेल.
तेव्हा दुकानात बस, भाव लिहीत राहा.

एक राहिलं. ‘अनुभव’ नावाचा रकाना असतो.
तिथं तुझं कॅलेंडर अपलोड होणार नाही.
मी मापून बघितलं, दोनशे केबीत बसत नाही.

झिरो फाटा आला. कंडक्टर सुट्ट्यावरून भांडतोय.
पुढच्या मंगळवारी नाही, त्याच्या पुढच्या येते.
डाळीचा भाव काढून ठेव.
आणि अब्बांना सांग, चहा चालेल,
गोल आकडा नको.