दोन सूत

प्रधानसाहेब पाव इंच म्हणतात.
आमच्याकडे त्याला दोन सूत म्हणतात,
आणि नेमकं बोलायचं तर दोन सूत, वर सात थाऊ.
त्या सात थाऊंवर
आमचे तीन शनिवार गेले.

रोड नंबर सोळा, वागळे इस्टेट.
एका बाजूला पापडाच्या मशीनचे सुटे भाग करणारा भानुशाली,
दुसरीकडे बंद पडलेली रंगाची कंपनी,
मध्ये मी, बाबांचं लेथ मशीन,
आणि बंदूक दुरुस्तीचा परवाना, काचेत.
गिऱ्हाईक आत आलं की पहिल्यांदा विचारतं,
मिस्त्री कुठंयत?
प्रधानांनी तेवढं विचारलं नाही.
टेबलावर जुनी मॉझर ठेवली, म्हणाले,
हिची नळी खलास झालीय, बाकी सगळी शाबूत.
माझं उलटं. खांदा तेवढा नवा,
स्टीलचा.

म्हणून धक्का हलका हवा.
म्हणून दोन सूत.

पण दोन सुतांत काय कमी भाऊबंदकी?
अडीचशे सॅव्हेज आखूड, गरीब स्वभावाचं.
पंचवीस-शून्य-सहा लांबडं, दारू पोटभर,
गोळी तीनशे यार्ड सुतासारखी सरळ.
रॉबर्ट्स मधलं,
मधल्या भावासारखं, कुणी नाव न घेणारं.
वहीत तक्ते होते, शाईने.
गोळी कुठे किती खाली येते
ते त्यांनी खडूने माझ्या शटरवर काढून दाखवलं.
अजून पुसलेलं नाही.
रोज सकाळी शटरबरोबर ती कमानही
वर गुंडाळली जाते.

मी म्हटलं, साहेब,
तीनशे यार्ड मोकळी जागा
ठाण्यात आता कुठे उरलीय?
ते येऊर म्हणणार होते. म्हणाले नाहीत.
शिकार बंद झाली तेव्हा माझा जन्मही नव्हता.
रेंजवर पन्नास मीटर, पुढे भिंत.
आणि निवडणूक लागली
की ठाण्यातली बंदूक ठाण्यात जमा.
महापालिका, विधानसभा, लोकसभा,
वर्षातून किती दिवस ती मालखान्यात झोपते,
वहीत त्याचाही तक्ता होता.

तिसऱ्या शनिवारी लाईट गेली.
लेथ घरघरत थांबलं, भानुशालीचंही थांबलं.
मी खोक्यातून तीन पितळी पुंगळ्या काढल्या,
नमुन्याच्या, रिकाम्या.
नुसत्या हातात धरून बघा म्हटलं.
त्यांनी एक खालच्या ओठाला टेकवली
आणि फुंकली,
शाळेतली पोरं पेनाचं टोपण फुंकतात तशी.
सॅव्हेज बारीक किंचाळलं.
लांबडं घोगरं, सर्दी झाल्यागत.
तिसरीला ते थांबले.
पुन्हा फुंकली, डोळे मिटून, जरा लांब.
भानुशालीचा पोरगा दारात येऊन उभा राहिला,
त्याला वाटलं वॉचमन बोलावतोय.

हेच, म्हणाले.
वही मांडीवर मिटलेलीच होती.
मी का विचारलं नाही.

लाईट आल्यावर लिहून घेतलं:
नळी नवी, चोवीस इंची.
बोअर पॉइंट दोनशे सत्तावन्न, रॉबर्ट्स.
परवानगी मिळाली तर
नळी यायला चौदा महिने, मी सांगितलं.
चालेल, म्हणाले,
मध्ये एक निवडणूक आहेच.

संध्याकाळी खोकं आवरताना
पुंगळ्या मोजल्या. दोनच भरल्या.
रजिस्टरात मी
तीनच ठेवल्या.