विराम : एक्केचाळीस सेकंद

चेंबूरच्या रात्रशाळेत, पहिल्या मजल्यावर,
नकाशातून कोकण फाटून गेलेल्या वर्गात
मी बाकावर रेकॉर्डर ठेवला आणि म्हणालो,
लिहिताना मनात येईल ते मोठ्यानं बोला.
विषय : माझे घर. वेळ : चाळीस मिनिटं.

संमतीपत्रावर तिनं सही केली पूर्ण नावानं,
यशोधरा भीमराव गांगुर्डे.
मी वहीत लिहिलं : सहभागी क्रमांक सात.

"आमचं घर… थांबा हं… आमचं घर नाल्याच्या काठी…"
आणि गप्प.
पंखा. खाली कुणीतरी शटर ओढलं.
एक शब्द लिहिला, खोडला,
दुसरा लिहिला, तोही खोडला,
इतका की मागच्या पानाला वळ उठले.
वाक्य क्रियापदाविना तसंच ठेवून
ती पुढे गेली : मोरी, पोटमाळा, आईची शिलाई मशीन.

एक्केचाळीस सेकंद.
माझ्या तक्त्यात विरामांना तीनच खाने होते :
आखणी, शब्दशोध, उजळणी.
मी तो आखणीत टाकला, मार्गदर्शक बाईंनी शब्दशोधात.
दोघांचं एकमत टक्क्यांत मांडायचं असतं;
ते घसरलं, म्हणून आम्ही व्याख्या सुधारली
आणि टक्के वर आले.

पंधरा दिवसांनी, पद्धतीप्रमाणे,
तिलाच तिचा आवाज ऐकवला.
इथं काय चाललं होतं मनात?
ती हसली. "'आहे' लिहू की 'होतं', ते ठरेना सर.
जेसीबी मार्चमध्येच येऊन गेला,
आम्ही माहुलला.
पण पात्र-अपात्रची यादी लागायचीय अजून.
'होतं' लिहिलं तर मीच अपात्र केल्यासारखं."

मग टिफिनची पिशवी उचलत म्हणाली,
"सायनच्या लॅबमध्ये आम्हीपण नळीला नंबरच चिकटवतो.
पण रिपोर्ट त्या माणसाच्या हातात देतो.
तुमचा कुणाला मिळतो?"

रेकॉर्डर चालू होता.
तो तुकडा मी अजून उतरवून काढलेला नाही.

कलिनाच्या ग्रंथालयात प्रकरण चौथं सहा वेळा लिहिलं.
चौथा खाना आखला, त्याला नाव सुचेना, रिकामाच ठेवला.
'संशोधकास असे आढळले' काढून 'मला' लिहिलं,
बाईंनी परत 'संशोधकास' केलं.
शेवटी बारा पानांची झेरॉक्स काढून
लॅब बंद व्हायच्या वेळी सायनला गेलो.

काउंटरवर उभ्या उभ्या वाचत होती,
कानामागचं पेन हातात घेऊन.
'परीस्थिती'तली दीर्घ री दुरुस्त केली,
काही बोलली नाही.
तिसऱ्या पानावर थांबली.
मी घड्याळाकडे बघायचं टाळलं.

'सहभागीचे घर नाल्याकाठी होते.'

शेवटच्या शब्दाभोवती गोल केला.
"हे तुम्ही कशावरून लिहिलंत?
यादी कुठं लागलीय अजून?"