बिल्ल्यावर न मावलेलं

ग्रिम्सबीच्या मासळी बाजारात पहाटे पाचला
पडद्यावर हॅडॉकचा भाव यायचा, तिथे
डेस्मंडचा अख्खा प्रोग्रॅम उघडा पडलेला.
कंस, डॉलरची चिन्हं,
आणि मध्येच स्वतःला दिलेली तंबी:
‘बर्फाचं वजन वजा कर, गाढवा.’
लिलाववाले चहाचे मग घेऊन वाचत उभे.

डेस्मंड मार्चमध्ये रिटायर झाला.
फायलींना त्यानं आपलंच शेपूट लावलं होतं, डॉट डेस.
जुना सर्व्हर ते ओळखायचा.
नव्याला मी सांगितलंच नव्हतं
की हे वाचून दाखवायचं नसतं,
यात लिहिलंय ते करायचं असतं.
न सांगितल्यावर तो तरी काय करणार!
चिठ्ठीत ‘दार उघड’ असेल
तर मोठ्यानं म्हणतो, ‘दार उघड’.
दार तसंच.

कॉन्फिगमध्ये दोन ओळी:
डेस कुणाच्या हाती सोपवायचा,
आणि या फोल्डरात त्याला चालायची मुभा.
एक टिंब राहिलं, ते घातलं. रीस्टार्ट.
हॅडॉक, दोन पौंड चाळीस.
गर्दी पांगली.

माझ्या बिल्ल्यावर नुसतं ‘हेदवी’ आहे.
पूर्ण आडनाव मावेना, म्हणून शेवट कापला.
आठ वर्षं मी म्हणतेय, चालतंय.

फाईल उघडीच होती,
खाली तिसरी ओळ लिहिली:
ज्याच्या शेवटी डॉट कर, तेही चालव.
तशी फाईल अजून एकही नाही.

मॉरीन मागून वाकली. हे काय?
आमच्याकडे गावाच्या नावाला जोडतात.
म्हणजे अर्थ काय त्याचा?

म्हटलं, डू.